रोझीचा दीड तास

“तू हो पुढे आणि माझंही सांगून ठेव, नाहीतर त्यांचं किचन बंद होईल.”

रोझी हे म्हणाली तेव्हा रविवारची दुपार होती, पावणेएक वाजला होता. तिचा एक पाय पेडलवर होता, एक जमिनीवर. पुढचे पाच महिने मी या वाक्याच्या आडोशाला राहिलो. कोणी काही विचारलं की मी ते पुढे करायचो: तीच म्हणाली, पुढे हो. वाक्य खरं आहे, त्यात माझं एक अक्षरही नाही. म्हणूनच तो आडोसा इतका चांगला होता.

रोझविटा टिडेमान ही माझी बायको. आमच्या गावात, ओस्टरमोरमध्ये, तिला सगळे रोझी म्हणतात. तिने उघडलं नाही असं एकही फाटक गावात नाही, कारण एकतीस वर्षं तिने या गावाचं आणि पलीकडच्या दोन वस्त्यांचं टपाल वाटलं. पिवळी सायकल, पुढे टोपली, मागे दोन पिशव्या. आमच्याकडे डोंगर नाहीत, नुसता वारा आहे. तो सकाळी जाताना समोरून येतो आणि परतताना दिशा बदलून पुन्हा समोरूनच येतो. रोझी त्याला शिव्या देत नसे. सायकलवरून न उतरता ती एक पाय कट्ट्याला टेकवायची, डाव्या हाताने पेटीची झडप उचलायची, उजव्याने पत्र आत सोडायची. निघताना प्रत्येक वेळी मागे वळून बघायची. फाटक लागलं का, कुत्रं बाहेर तर नाही आलं. ही सवय तिच्या मानेत बसली होती. आमच्या घरून पाव आणायला निघाली तरी ती वळून बघायची, आणि आमच्याकडे कुत्रं कधीच नव्हतं.

पलीकडच्या वस्तीवर गेशे नावाची म्हातारी राहायची. डोळे गेलेले, मुलगी कॅनडात. मुलीचं कार्ड आलं की रोझी फाटकाशी उभी राहून ते वाचून दाखवायची. एका हिवाळ्यात कार्डं यायची थांबली. गेशे रोज फाटकाशी येऊन उभी राहायची. मी रोझीला म्हटलं, दोन ओळी मनाने म्हणून टाक, तिला कुठे दिसतंय. रोझी बूट काढत होती. ती म्हणाली, नाही आलं तर नाही आलं, तिला तेवढं ठाऊक असू दे. पुढे किती आठवडे ती त्या फाटकाशी थांबून ‘आज नाही’ एवढंच सांगत राहिली, ते मी मोजलं नाही.

मी जमीन-मोजणीच्या कार्यालयात नकाशे काढायचो. म्हणजे घरातली खरी सायकल चालवणारी ती. पण आम्ही दोघं निवृत्त झालो आणि उन्हाळ्यात लांबच्या सायकल-सहली सुरू केल्या, तेव्हा पुढे मी असायचो. नकाशा माझ्या हँडलवर, किलोमीटरचा काटा माझ्या हँडलवर. पुढे असतो तो वारा अंगावर घेतो आणि मागच्याला सोपं जातं, असं आमच्या सायकल क्लबात सगळे मानतात, आणि मीही ते तिच्यासाठीच करतो असं सांगायचो. आठ उन्हाळ्यांत मी क्वचितच मागे पाहिलं असेल. तिच्या चाकाचा आवाज येत असायचा, तेवढं मला पुरे होतं.

घरी जिन्याजवळच्या भिंतीवर देशाचा मोठा नकाशा आहे. सायकलने गेलेला रस्ता मी त्यावर लाल शाईने काढतो. रेघ सलग हवी. मध्ये कुठे रेल्वेने गेलो तर तेवढी जागा कोरी सोडावी लागते, आणि कोरी जागा मला सहन होत नाही. मागच्या वर्षी वेझर नदीच्या मुखापासून निघून वर वर जात वेरा नदीच्या उगमापर्यंत जायचं ठरवलं, साडेसातशे किलोमीटर. लोक ही सहल उगमाकडून खाली करतात. मी उलटी ठरवली, कारण उलटी केलेली जास्त मोलाची धरतात. कोण धरतात, हे रोझीने एकदा विचारलं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी तिचा उजवा गुडघा सुजलेला होता. न्याहारीच्या टेबलावर तिने पाय खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, आजचे चाळीस किलोमीटर रेल्वेने जाऊ, उद्या पुन्हा सायकल. मी अंडं सोलत होतो. मी म्हटलं, मग उगमापर्यंत गेलो असं म्हणता येणार नाही. ती म्हणाली, “मग म्हणू नको.” भांडण एवढंच झालं. अर्ध्या तासाने ती सायकलवर होती.

दुपारच्या जेवणाची खाणावळ मी नकाशावर हेरून ठेवली होती. त्या भागातल्या गावांत रविवारी दोन वाजले की स्वयंपाकघर बंद होतं, मग राजा आला तरी फार तर केकचा तुकडा मिळतो. नदीकाठचा सायकलरस्ता वळणं घेत जात होता. पण नकाशावर एक सरळ रेघ होती, जुन्या सीमेवरचा गस्तीचा रस्ता. दोन जर्मनी होत्या तेव्हा सैनिकांच्या गाड्यांसाठी तिथे काँक्रीटच्या फरश्या टाकल्या होत्या, प्रत्येकीत हात जाईल एवढ्या भोकांच्या रांगा. भोकांतून आता गवत वर आलंय. नकाशात भोकं दिसत नाहीत. मी त्या रस्त्याला वळलो. थोडं पुढे गेल्यावर रोझी थांबली, गुडघा चोळला, आणि मला पुढे जायला म्हणाली. मी निघालो. दोघांचे फोन माझ्या हँडलवरच्या पिशवीत होते, कारण फोन चार्ज होतो तो माझ्या पुढच्या चाकाच्या डायनॅमोवर. ही व्यवस्था माझीच होती आणि तिचा मला अभिमान होता.

पावणेदोनला मी खाणावळीत पोचलो. दोन ताटं सांगितली: मोहरी लावून गुंडाळलेलं गोमांस, तांबडा कोबी, बटाट्याचे गोळे आणि वर गरम रस्सा. ताटं आली. मी माझं खाल्लं. दोन वाजता मालकीणबाई येऊन म्हणाल्या, स्वयंपाकघर बंद करतेय, बाईंचं ताट झाकून ठेवू का, पण गोळे गार झाले की रबर होतात. मी दाराकडे पाहिलं. रोझी रुसली आहे, मुद्दाम हळू येते आहे, मला वाट पाहायला लावते आहे, असं मला वाटलं. खरोखर तसंच वाटलं. मी तिचं ताट पुढे ओढलं आणि तेही खाल्लं. रस्सा पावाने पुसून खाल्ला. मग कॉफी मागवली. तीन वाजायला आले तेव्हा खिडकीसमोरून रुग्णवाहिका गेली, मी आलो त्याच दिशेला. मी मालकीणबाईंना म्हटलं, कोणीतरी मोटारसायकलवाला असणार, रविवारी हे लोक वेड्यासारखे चालवतात.

तिचं पुढचं चाक फरशीच्या भोकात अडकलं होतं. खुब्याचं हाड मोडलं. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका माणसाला ती दिसेपर्यंत दीड तास ती तिथे पडून होती. सव्वातीनला माझ्या पिशवीत माझा फोन वाजला. तिला माझा नंबर पाठ होता. मला तिचा नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई हॉस्पिटलात आल्या, भल्या बाई, हातात केकचा डबा. मी नळावरून फुलदाणी भरून आणत होतो, दारातच थांबलो. त्या रोझीला म्हणत होत्या, तुमचे यजमान इतके काळजीत होते, मीच म्हटलं खाऊन घ्या हो बाईंचंही, टाकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं. रोझी हसली. हॉस्पिटलातल्या माणसाने पाहुण्याला बरं वाटावं म्हणून हसावं तशी. मग तिची नजर माझ्यावर आली. मी फुलदाणी खिडकीत ठेवली आणि केक कसला आहे ते विचारलं.

त्याआधीच, रविवारी रात्रीच, मी मुलीला फोन केला होता. वीबके हॅम्बुर्गला असते आणि फोनवर पहिला प्रश्न सरळ विचारते. तू कुठे होतास, बाबा? मी म्हटलं, मी लगेच मागे फिरलो. ते पहिलं खोटं. पुढची सगळी मला स्वतःला सांगावी लागली नाहीत. शेजाऱ्यांना वीबकेने सांगितलं, शेजाऱ्यांनी क्लबात. मी घरी आलो तेव्हा गावाच्या तोंडी गोष्ट अशी होती, की रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. नाताळपर्यंत मी तिला उचलून रस्त्यापर्यंत आणलं होतं. मी फक्त ‘नाही’ म्हटलं नाही. लोक पाठीवर थाप मारायचे आणि मी मान खाली घालायचो, आणि ते म्हणायचे, बघा, किती साधा माणूस.

रोझीला घरी येऊन काठी घेऊन चालायला जानेवारी उजाडला. तिने मला कधी काही विचारलं नाही. मी तिला आंघोळीला मदत करायचो, मोजे घालायचो, आणि तिच्या पायाशी बसलेलो असताना मला वर बघता यायचं नाही.

फेब्रुवारीत क्लबाची कोबीयात्रा असते. कडाक्याची थंडी पडून काळपट हिरव्या कोबीची पानं गोड झाली की आमच्याकडे सगळी गावं हे करतात. हातगाडीत दारूच्या बाटल्या भरायच्या, दोन-तीन तास बांधावरून पायी हिंडायचं, मग खाणावळीत जाऊन शिजवलेला कोबी आणि ओट्सचा भरडा घातलेलं पिंकेल सॉसेज पोट फुटेपर्यंत खायचं, आणि शेवटी कोबीचा राजा आणि राणी निवडायची. बहुतेक वेळा सगळ्यात जास्त ताटं रिचवणारा राजा होतो. यंदा आम्हा दोघांना निवडायचं ठरलंय, हे क्लबाचा अध्यक्ष हाइको लुटमान मला आधीच सांगून गेला होता, आणि मी तिथे उभं राहून ती गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायची, असंही.

त्या सकाळी रोझी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होती. तिने किटली खाली ठेवली.

“हाइको मलाही बोललाय,” ती म्हणाली. “तू सांगणार आहेस म्हणे.”

मी म्हटलं, दोन शब्द बोलेन. लोकांना तेवढीच गंमत.

“गोळे तू खाल्लेस त्याचं मला काही नाही. गार झाले असते. मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा.” तिने काठी टेबलाला लावून ठेवली आणि बसली. “मी तिथे पडले होते ना, मला झोप यायला लागली. झोपायचं नाही एवढं कळत होतं. मग मी टपालाची फेरी सुरू केली. एक नंबर, हिरवं फाटक, पेटी डावीकडे. दोन नंबर, कुत्रं. गावातली सगळी घरं, मग दोन्ही वस्त्या. गेशेकडे थांबले. दोनदा पूर्ण फेरी झाली, तिसऱ्यांदा शाळेपाशी होते तेव्हा तो माणूस आला. एवढं मोठं काम मी आयुष्यात केलेलं नाही, एकहार्ट. आणि गावात ज्याला त्याला वाटतं की तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास. मग मी कुठे होते?”

मी दोन कप काढून कॉफी ओतली.

“तो दीड तास माझा आहे,” ती म्हणाली. “होतं तसं सांग. नाहीतर सांगूच नको, बस जेवून घे. यातलं काहीही चालेल.”

मी हो म्हटलं. मला तेव्हा खरंच सांगायचं होतं. कॉफी पिताना मी मनात वाक्यं जुळवली. ती फार अवघड नव्हती.

तिला लांब चालता येत नव्हतं म्हणून क्लबवाल्यांनी हातगाडीत बाटल्यांच्या मधोमध खुर्ची बांधली, तिच्या पायांवर घोंगडी टाकली. हाइको ओढत होता. पार्सल आलंय, सही कोण करतंय, असं तो प्रत्येक घरापाशी ओरडायचा. सही नको, वजन जास्त भरलंय, पाठवणाऱ्याला परत कर, असं रोझी आतून म्हणाली आणि सगळी रांग हसली. तिचे गाल थंडीने लाल झाले होते. खूप महिन्यांनी ती बांधावर आली होती. घरांमागून घरं जात होती आणि ती प्रत्येक पेटीकडे बघत होती. मी गाडीच्या मागून चालत होतो.

खाणावळीत वाफेने काचा धुरकटल्या होत्या. ताटं आली. हाइकोच्या बायकोने, आंटयेने, मला दुसऱ्यांदा वाढलं आणि म्हणाली, “खा रे, राजाला दोन ताटांशिवाय गादी मिळत नाही.” टेबल हसलं. रोझी समोर बसली होती. ती हसली नाही, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त मिठाची बाटली जवळ ओढली. ते दुसरं ताट मी संपवू शकलो नाही.

मग हाइकोने चमचा ग्लासावर वाजवला. भिंतीवरून पदकांच्या दोन माळा काढल्या. आमच्याकडे माळेत डुकराच्या जबड्याचं हाड बांधतात, वर्षानुवर्षं तेच, हाताळून पिवळं झालेलं. एक त्याने माझ्या गळ्यात घातली, एक रोझीच्या. तो म्हणाला, दरवर्षी आपण पोट बघून राजा निवडतो, यंदा जरा वर, काळीज बघून निवडलाय. चाळीसेक माणसं माझ्याकडे वळली. आंटये, हॅम्बुर्गहून खास आलेली वीबके, आमचे जुने पोस्टमास्तर, रोझीने ज्यांच्या दारी पत्रं टाकली ती सगळी.

मी उभा राहिलो. म्हणालो, त्या दिवशी मी खाणावळीत बसलो होतो. इतकं खरं होतं. कोणीतरी मागून विचारलं, बीअर होती का, आणि हशा झाला. रोझीने आता मान वर केली होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी थोडी काळजी होती, मला मदत करावी असं काहीसं. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं: मी जेवलो, मग तिचंही जेवलो. पाच-सहा शब्द. मी तोंड उघडलं तेव्हा आंटये आधीच रुमाल काढून बसली होती, वीबके माझ्याकडे बघत होती, आणि मला त्या सगळ्यांचे चेहरे बदललेले बघवले नसते.

“ताट समोर आलं,” मी म्हणालो, “आणि मी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. घास घशाखाली जाईना. ताट तसंच लोटून दिलं आणि सायकल काढली.”

आवाज माझाच होता, चांगला भरलेला, थोडा कापरा. मी पुढेही बोललो. वारा कसा होता, मी तिला हाका कशा मारल्या, ती कशी दिसली. ती पडली होती ती जागा मी कधी पाहिलेलीच नाही, तरी तिथलं गवतसुद्धा मी सांगितलं. म्हणालो, मी तिचा हात धरून बसलो आणि तिला झोपू नको, झोपू नको म्हणत राहिलो. झोपेचं ते तिने सकाळीच मला सांगितलं होतं. ते मी तिच्यासमोर घेतलं आणि वापरलं.

खाली बसलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. आंटये डोळे पुसत होती. पोस्टमास्तरांनी टेबलावरून हात लांब करून माझा हात दाबला. हाइको म्हणाला, आता राणीचे दोन शब्द, आणि सगळे ‘रोझी, रोझी’ म्हणून टेबलं वाजवू लागले.

रोझी उठली. काठीवर भार टाकून उठायला तिला वेळ लागला, आणि तेवढ्यात टेबलांचा आवाज थांबला. लोक हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते. तिने गळ्यातली माळ दोन्ही हातांनी डोक्यावरून काढली, केसांत अडकलेली दोरी शांतपणे सोडवली आणि माळ माझ्या अर्ध्या भरलेल्या ताटाशेजारी ठेवली. वीबके उठायला लागली, तिला तिने हाताने बस म्हणून खुणावलं. खुंटीवरचा कोट घेतला, एक बाही, मग काठी दुसऱ्या हातात घेऊन दुसरी बाही. बटणं लावली, सगळी. तिने दार ओढलं आणि एक शब्दही न बोलता ती बाहेर गेली.